पस्तीसचा आकडा

मडगावहून रेल्वेने सुरत आणि तिथून बसने पलसाणा, हा ताईकडे जायचा माझा ठरलेला मार्ग. पलसाणा आता सुरत जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण आहे, पण एके काळी तो गायकवाडांच्या बडोदे संस्थानातल्या नवसारी प्रांताचा एक महाल होता. मला इतिहासाची खोड असल्यामुळे दर खेपेला मी हे भावोजींना ऐकवतो आणि ते दर खेपेला नव्याने ऐकल्यासारखे करतात. आज तिथे गायकवाडांची आठवण सांगणारे फारसे कुणी भेटत नाही. एका बाजूला ऊस, चलथाणचा साखर कारखाना आणि दुसऱ्या बाजूला कडोदऱ्यापर्यंत कापडाच्या मिला. भावोजी अशाच एका डाइंग मिलमध्ये आहेत.

गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा ताईने चहाबरोबर एक कागद पुढे केला. "तू सरकारी माणूस, तुला यांची भाषा कळते. वाच आणि सांग काय म्हणतात ते."

कागद विमा कंपनीचा होता. ताईची उंची १५० सेंटिमीटर, वजन ७६ किलो. बारा वर्षांचा मधुमेह, इन्सुलिन चालू असूनही साखर आटोक्यात नाही, गुडघे कुरकुरतात ते वेगळेच. डॉक्टरांनी वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया सुचवली होती आणि कंपनीने खर्च नाकारला होता. कारण एका ओळीत : बीएमआय ३३.८, नियमाप्रमाणे किमान ३५ आवश्यक.

मी हिशेब करून सांगितले. ताई म्हणाली, "म्हणजे आणखी पावणेतीन किलो चढवले की मी पात्र?" भावोजी म्हणाले, "उंधियूचे दिवस येतातच आहेत." आम्ही हसलो खरे, पण मला तो आकडा काही केल्या सुटेना. (आमच्याकडे आकडा म्हटले की लोकांना मटकाच आठवतो, तो हा नव्हे.) कचेरीत इतकी वर्षे काढल्यावर एक गोष्ट पक्की कळते, ती म्हणजे नियमातला प्रत्येक आकडा कधीतरी, कुठल्यातरी फाइलीतून आलेला असतो. मग हा ३५ कुठून आला?

किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे की झाला बीएमआय. हे गणित मूळचे डॉक्टराचे नव्हेच. अडोल्फ केटले नावाचा बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होता. ताऱ्यांची मोजमापे करता करता तो माणसांच्या मोजमापाकडे वळला. सरासरी माणूस कसा असतो, हा त्याचा ध्यास होता. १८३०च्या दशकात त्याने दाखवले की प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लठ्ठपणाशी त्याला काहीच कर्तव्य नव्हते, आणि त्याच्यापुढची माणसे अर्थातच युरोपातली होती.

'योग्य वजन' ही कल्पना लोकांत रुजवली ती मात्र विमा कंपन्यांनी! अमेरिकेतल्या मेट्रोपोलिटन लाइफ या कंपनीने १९४०च्या दशकात आपल्या पॉलिसीधारकांच्या नोंदींवरून उंची आणि वजनाचे तक्ते छापले आणि पुढे दवाखान्यांतून तेच प्रमाण मानले गेले. मग १९७२ साली अॅन्सेल कीज या अमेरिकन संशोधकाने निरनिराळ्या देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांच्या मोजमापांवर केटलेचे सूत्र तपासले आणि त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिले. पुरुष म्हटले, कारण बायका त्यात नव्हत्याच.

आता शस्त्रक्रियेकडे येतो. १९५४ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या क्रेमेन आणि सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून जोडणी केल्यास वजन कसे घटते, यावर निबंध प्रसिद्ध केला. साठ-सत्तरच्या दशकांत अशी पुष्कळ ऑपरेशने झाली. वजन उतरे, पण मागाहून यकृत निकामी होणे, मूतखडे, जीवनसत्त्वांची तूट असली दुखणी लागत. अखेर ती पद्धत सोडून द्यावी लागली. वजनाच्या ऑपरेशनाबद्दल आजही आपल्या लोकांच्या मनात जी धास्ती असते ती अगदीच निराधार नाही, तिला हा इतिहास आहे.

दुसरी वाट आयोवाच्या एडवर्ड मेसन यांना सापडली. अल्सरसाठी जठराचा बराच भाग काढलेल्या रुग्णांचे वजन पुन्हा चढत नाही, हे त्यांनी पाहिले होते. १९६६ साली त्यांनी गॅस्ट्रिक बायपास केला. आज त्यात जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम तीसेक मिलिलिटरची पिशवी ठेवतात आणि आतडे वर आणून तिला जोडतात. ती इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी जोडणी सेझार रू या स्विस शल्यवैद्याच्या नावाने ओळखली जाते आणि ती एकोणिसाव्या शतकातली आहे. नंतर जठराभोवती पट्टा बसवण्याची पद्धत आली, गाजली आणि बरीच मागे पडली. आज जगात सगळ्यांत जास्त होते ती स्लीव्ह. तिच्यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून केळ्याएवढी नळी ठेवतात. आतड्याला हात लावत नाहीत. गंमत म्हणजे ही आधी एका मोठ्या ऑपरेशनाची नुसती पहिली पायरी होती. त्या पायरीवरच कित्येकांचे काम भागते असे दिसले, तेव्हा ती स्वतंत्र झाली. चौथा प्रकार मिनी बायपास, एकाच जोडणीचा, १९९७ साली अमेरिकेतल्या रटलेज यांनी सुरू केलेला. भारतात तो बराच चालतो. हे सारे आता दुर्बिणीतून होते. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. इस्पितळात १९९० साली केली, तिथून हा रस्ता मोकळा झाला.

कुठलेही ऑपरेशन निवडले तरी बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर आल्या, आणि जेवण वाटीभर. ताईला हे डॉक्टरांनी नीट समजावले होते. तिची तयारी होती.

तर १९९१. त्या साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बेथेस्डा इथे तज्ज्ञांची परिषद भरवली आणि सीमा ठरवली. बीएमआय ४० असेल तर शस्त्रक्रिया करावी, वजनामुळे गंभीर आजार असतील तर ३५ला. ही ती फाइल! अमेरिकन रुग्णांच्या अनुभवावरून, तेव्हाच्या मोठ्या, पोट उघडून करायच्या ऑपरेशनांसाठी घातलेली मर्यादा. ऑपरेशनाने मधुमेहही हटतो हे तेव्हा ठसले नव्हते. १९९५ साली वॉल्टर पोरीज यांनी नॉर्थ कॅरोलायनातले अनुभव मांडले, त्यांत बायपास केलेल्या मधुमेहींपैकी सुमारे ८३ टक्क्यांची साखर सामान्य झाली होती. कित्येकांची तर वजन उतरायच्या आधीच.

आणि आपण? याचे उत्तर पुण्यात आहे. केईएम इस्पितळाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. इथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी असतात ते स्नायू, चरबी जवळजवळ तेवढीच! हाडकुळे दिसणारे मूलही आतून चरबीचे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र आले. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. इतका बोलका पुरावा मी क्वचितच पाहिला आहे.

पुढचे क्रमाने घडले. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी ३७.५ आणि आजार असल्यास ३२.५ अशी सीमा सांगितली. २०१० साली पुण्याचे डॉ. शशांक शहा आणि सहकाऱ्यांनी ३५च्या खालच्या पंधरा भारतीय मधुमेहींवर केलेल्या बायपासचे चांगले निष्कर्ष प्रसिद्ध केले. २०२२ साली तर अमेरिकन आणि जागतिक संघटनांनी मिळून १९९१ची सीमाच बदलली, आणि आशियाई लोकांना २७.५पासून शस्त्रक्रिया सुचवावी असे म्हटले. म्हणजे ताई या प्रत्येक भारतीय आणि आशियाई मोजणीत बसते.

बसत नाही ती फक्त विम्यात. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली पॉलिसीतल्या वगळणुकींची सर्वांसाठी एकच भाषा ठरवली, तिच्यात लठ्ठपणाच्या कलमात ४० आणि ३५ हेच आकडे आले. एरवी हे चांगलेच काम होते. त्याआधी ज्याला जसे हवे तसे शब्द लिहिले जात. नाकारणाऱ्या कारकुनावर मी रागावू शकत नाही. त्याच्या जागी मी असतो तर समोरच्या कलमावर बोट ठेवून तेच केले असते. पण मधुमेहाच्या २०२३च्या राष्ट्रीय पाहणीत २६.४ टक्के प्रमाणासह गोवा देशात पहिला आला आहे, हे विसरून कसे चालेल? असे कागद इथेही घरोघर यायचे आहेत.

पलसाण्यातल्या शेवटच्या रात्री मी ताईच्या नावाने फेरविचाराचा अर्ज लिहिला. १९९१, २००९, २०२२ अशी सालवारी, सोबत त्या छायाचित्राची प्रत. रजिस्टर पोस्टाने गेला. पोच आली आहे, उत्तर नाही. डॉक्टरांनी दरम्यान आठवड्याला घ्यायचे नवे इंजेक्शन सुरू केले आहे. परवा फोनवर ताई म्हणाली, "दीड किलो उतरले रे. म्हणजे आता मी आणखीनच अपात्र."