उंबऱ्याशी थांबणे

चाकणला माझे आजोळ होते. काळ्या दगडाचे जोते, वर मातीच्या जाड भिंती आणि दाराला चांगला उंच उंबरा. पाहुणा ओसरीवर बसे. मधल्या दाराला पडदा असे. आत येताना मामासुद्धा खाकरत. आम्ही पोरे धावत शिरलो की नानी म्हणे, "उंबऱ्याशी जरा थांबावं, मग आत यावं."

चिंचवडगावात चापेकरांच्या वाड्यावर गेलो तेव्हा नानीचे हे बोल आठवले. आज तेथे स्मारक आहे. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांची रचनाच अशी, की परक्या माणसाने टप्प्याटप्प्याने आत यावे. मोठा दरवाजा, त्यात वाकून जाण्याजोगी दिंडी, मग देवडी, चौक, ओसरी आणि पार आत माजघर, स्वयंपाकघर, देवघर. खाली घडीव काळा दगड, वर विटा आणि सागवानी खांब. रस्त्याकडे खिडक्या मोजक्या. उजेड आणि वारा चौकातून येई. हिंदूचा वाडा असो वा मुसलमानाचे घर, आतल्या माणसांची अदब दगडातच बांधलेली असे.

१८९७ साली पुण्यात प्लेग फैलावला. मार्चपासून रँडच्या प्लेग कमिटीचे गोरे सोल्जर घरोघर तपासणीला शिरू लागले. माजघर आणि देवघरही त्यांतून सुटले नाही. चिंचवडच्या हरिभाऊ चापेकर या कीर्तनकारांच्या मुलांनी या अपमानाचा सूड घेण्याचे ठरवले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला, तर रँड ३ जुलैला मरण पावला. १८९८ मध्ये दामोदर आणि १८९९ मध्ये वासुदेव व बाळकृष्ण फासावर गेले. एका घरातले तिन्ही भाऊ संपले.

रोग मात्र खरा होता. रोगी शोधणे, त्यांना वेगळे ठेवणे गरजेचेच होते. पण दारात उभे राहून विचारण्याची रीत सरकारने पाळली नाही.

२०२० मध्ये करोना आला, तेव्हा १८९७ चाच साथरोग कायदा पुन्हा लागू झाला. आमच्या फ्लॅटला ना ओसरी, ना देवडी. तरी तपासणीला आलेली ताई दाराबाहेरच थांबली. "चाचा, घरात कुणाला ताप आहे का?" तिने विचारले.

मी दार पूर्ण उघडले.