इंग्लंडच्या शेतांतील घुंगरे

धातुशोधक यंत्र घेऊन इंग्लंडमधील नांगरलेली शेते धुंडाळणाऱ्या हौशी संशोधकांना नाणी व गुंड्यांच्या जोडीने वारंवार सापडणारी वस्तू म्हणजे धातूचे लहानसे घुंगरू. इंग्रजीत त्यास 'क्रोटल बेल' म्हणतात. गोल आकार, माथ्यावर कडी, पोटात सुटा लोखंडी खडा आणि तळाशी लांबट चीर, असे त्याचे रूप. आपल्याकडील बैलांच्या घुंगुरमाळेची आठवण व्हावी असेच. ही घुंगरे घोड्यांच्या साजाला व जनावरांच्या गळ्यात बांधीत. अरुंद, वळणाच्या वाटेवर समोरून येणाऱ्यास गाडीची चाहूल लागावी, हा त्यांचा मोठा उपयोग होता. अगदी लहान घुंगरे शिकारी ससाण्याच्या पायांतही असत.

मध्ययुगीन घुंगरू बहुधा पत्र्याच्या दोन वाट्या डाख देऊन जोडलेले असे. पुढे ते एकसंध ओतले जाऊ लागले. मग चिरेहून मोठा खडा आत गेला कसा? कारागीर तो आधीच मातीच्या गाभ्यात ठेवीत, भोवती तांब्याच्या मिश्रधातूचा रस ओतीत आणि तो निवल्यावर गाभा फोडून माती भोकांवाटे काढून टाकीत. खडा आतच राही.

काही घुंगरांवर ओतकाराच्या नावाची आद्याक्षरे आढळतात. 'आर. डब्ल्यू.' ही अक्षरे विल्टशायरमधील ऑल्डबोर्न येथील रॉबर्ट वेल्स यांच्या अठराव्या शतकातील ओतशाळेची मानली जातात. अशा खुणेमुळे निर्मितीचे ठिकाण व काळ कळतो. घुंगरू कोठवर फिरले, हे मात्र ते जेथे सापडले त्या जागेवरूनच समजते.

खरी अडचण येथेच आहे. नांगरटीने मातीचे थर विस्कटलेले असल्याने सापडल्याची जागा हाच उरलेला पुरावा. इंग्लंडचा १९९६ चा निधी कायदा मुख्यतः सोन्याचांदीच्या प्राचीन वस्तूंसाठी आहे. सुटे घुंगरू सहसा त्याच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे त्याची नोंद करणे शोधकाच्या इच्छेवर अवलंबून राहते. १९९७ मध्ये सुरू झालेली 'पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम' ही योजना इंग्लंड व वेल्समधील अशा ऐच्छिक नोंदी घेते. तिच्या अधिकाऱ्यांना वस्तू दाखवल्यास मोजमाप, छायाचित्र व स्थान नोंदवून ती सामान्यतः परत दिली जाते. नोंद न करता घासूनपुसून विकलेले घुंगरू वाजते छान. पण ते कोणत्या वाटेवर गळून पडले, हे मग शोधता येत नाही.