वाळूत रुतलेली गाडी आणि भंगारातले पत्रे



गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमाराला शेजारच्या वस्तीवरच्या एका पोराला साप चावला. जीप काढली, पोराला मागं झोपवलं आणि निघालो. ओढ्याच्या उताराला मागची दोन्ही चाकं काळ्या चिखलात बसली. जेवढी रेस दिली तेवढी गाडी खाली गेली. शेवटी एका गोठ्याला टेकवलेले दोन जुने पत्रे आणले, चाकापुढं तुराट्या अंथरल्या, त्यावर पत्रे टाकले, चौघांनी रेटा दिला तेव्हा कुठं गाडी निघाली. पंचवीस मिनिटं गेली. पोरगं वाचलं. पण ती पंचवीस मिनिटं अजून डोक्यातून जात नाहीत, कारण गाडीत साधं फावडंसुद्धा नव्हतं.

मग गाडीत काय काय ठेवावं हे शोधायला बसलो आणि भलत्याच ठिकाणी पोचलो. इजिप्तच्या वाळवंटात, शंभरेक वर्षं मागं.

राल्फ बॅग्नोल्ड नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी १९२६ ला इजिप्तमध्ये बदलून आला. सुट्टी मिळाली की हा माणूस मित्रांना घेऊन वाळवंटात गाड्या घालायचा. गाड्या कसल्या, तर फोर्डच्या. आधी मॉडेल टी, नंतर मॉडेल ए. त्यांना फोर बाय फोर नव्हतं, फक्त मागची चाकं ओढायची. १९२९, १९३० आणि १९३२ च्या सफरींत तो लिबियाच्या वाळवंटात अशा जागी गेला, जिथं गाडी जाईल असं कुणी मानत नव्हतं.

ते जमलं ते सामानामुळं. कैरोतल्या एका भंगारवाल्याकडं त्याला लोखंडी पन्हाळीसारखे जाड पत्रे मिळाले. पहिल्या महायुद्धात खंदकावर छत घालायला केलेले. लांबी साधारण पाच फूट. चाकापुढची वाळू फावड्यानं उकरायची, पत्रा चाकाखाली सरकवायचा, गाडी हळू पुढं घ्यायची, मागचा पत्रा उचलून परत पुढं टाकायचा. वाचताना मला तो ओढाच दिसत होता. आज दुकानात रंगीत प्लास्टिकच्या 'रिकव्हरी ट्रॅक'ची जी जोडी मिळते, ती याच पत्र्यांची नातवंडं.

दुसरी युक्ती पाण्याची. त्या काळच्या गाडीचं रेडिएटर तापलं की उकळलेलं पाणी बाहेर सांडून जायचं. वाळवंटात ते परवडणार कसं? त्यानं रेडिएटरच्या तोंडाची नळी बाजूला बांधलेल्या, अर्ध्या पाण्यानं भरलेल्या डब्यात सोडली. वाफ डब्यात जाऊन थंड व्हायची, पाणी व्हायची, आणि इंजिन गार झालं की तेच पाणी परत आत ओढलं जायचं. आपल्या गाडीतली कूलंटची बाटली काम करते ते याच तत्त्वावर.

तिसरी गोष्ट टायरची हवा. वाळू आली की हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि वजन जास्त जागेवर वाटलं जातं. ट्रॅक्टरवाल्यांना हे नवं नाही. रानात हवा कमी असली की माती कमी दाबली जाते, हे कृषी अधिकारीही सांगतात. पण हवा सोडणं सोपं आहे, परत भरणं अवघड. म्हणून पंप जवळ हवाच.

हाच माणूस वाळू वाऱ्यानं कशी सरकते याच्या मागं लागला आणि १९४१ ला त्यावर पुस्तक छापलं. वाऱ्यानं होणाऱ्या जमिनीच्या धुपीच्या अभ्यासात त्याचा आधार आजही घेतात.

१९४० ला युद्ध इजिप्तच्या दारात आलं तेव्हा बॅग्नोल्डला सहा आठवड्यांत तुकडी उभी करायला सांगितलं. पुढं ती लाँग रेंज डेझर्ट ग्रुप म्हणून ओळखली गेली. पहिली माणसं त्यानं घेतली ती न्यूझीलंडच्या फौजेतली, आणि त्यातले बरेचसे शेतकरी! यंत्र बिघडलं तर हाताशी असेल त्यानं दुरुस्त करायची सवय असलेली माणसं त्याला हवी होती. त्यांना शेवरोलेचे ट्रक मिळाले, तेही टू व्हील ड्राईव्ह. मधे फोर व्हील ड्राईव्हचे फोर्ड ट्रक दिले, पण ते जड आणि पेट्रोल फार पिणारे निघाले. १९४२ ला परत टू व्हील शेवरोलेच आणले. (चार चाकांच्या ओढीवर भरवसा ठेवून ओढ्यात गाडी घालणाऱ्या आमच्या मित्रांनी हे वाचावं.) लोखंडी गाडीत होकायंत्र फसतं, म्हणून दिवसा ते उन्हाच्या सावलीवर दिशा धरायचे.

डब्याची गोष्ट तर ऐकाच. इंग्रजांचं पेट्रोल चार गॅलनच्या पातळ पत्र्याच्या डब्यात यायचं. आपल्या आज्ज्यांकडं असायचा तो रॉकेलचा डबा आठवा, तसलाच. खडबडीत वाटेवर तो सांध्याला फुटायचा. सुमारे ३० टक्के पेट्रोल वाटेतच जातं, असा अंदाज तिथले सेनापती ऑकिनलेक यांनी काढला होता. जर्मनांचा २० लिटरचा कॅन मात्र वेल्डिंगचा, घट्ट झाकणाचा, वर तीन मुठी. दोघांनी मिळून धरता यावा म्हणून तीन. इंग्रज तो हाती लागेल तिथून उचलायचे आणि पुढं त्यांनी हुबेहूब तसाच बनवला. जर्मनाला ते 'जेरी' म्हणायचे, म्हणून तो जेरीकॅन. फुटक्या डब्यांत वाळू भरून, पेट्रोल ओतून, पेटवून त्यावर चहा करायचे ते वेगळंच.

आता काळ्या रानाचं. वाळूचं सगळं चिखलाला जसंच्या तसं लागू पडत नाही. भेगाळ काळी माती ओली झाली की टायरच्या नक्षीत भरते आणि चाक गुळगुळीत होतं. मग हवा कमी करूनही फारसा उपयोग नाही. आधी काठीनं चाक कोरायचं, मग तुराट्या किंवा पऱ्हाट्या, मग पत्रा. पत्र्याच्या मागं कुणी उभं राहायचं नाही, चाक फिरलं की तो गोळीसारखा मागं येतो. टोचन करताना तुटकी जोडलेली साखळी वापरू नका, आणि ताण बसला की दोराजवळून सगळ्यांना लांब करा.

माझ्या जीपमध्ये आता छोटं फावडं, पत्र्याच्या दोन पट्ट्या, चांगला दोर, पायाचा पंप, जॅकखाली घालायला सागाची फळी, टॉर्च आणि पाण्याचा कॅन आहे. फळी विसरू नका, चिखलात जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो. पट्ट्या गावातल्या वेल्डरनं भंगारातूनच करून दिल्या, कडा घासून घेतल्या.

तुमच्याकडं रुतलेल्या गाडीच्या चाकाखाली काय घालतात, तेवढं लिहा. कोकणातल्या लाल चिखलाचं मला काही कळत नाही.