पिल्लाने घरात शू केली तर?



आपल्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत हल्ली कुत्र्याचं पिल्लू आलेलं दिसतं. मुलांचा हट्ट असतो, आपल्यालाही लहानपणची हौस असते. पहिले चार दिवस फोटो काढून भारतात पाठवण्यात जातात. मग एके सकाळी कार्पेटवर तळं दिसतं आणि घरात वादाला तोंड फुटतं. आमच्याकडे त्या वेळी आई भारतातून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि पिल्लाने नेमकी देवघरासमोरच्या सतरंजीवर शू केली. "हे ध्यान परत देऊन या" इथपर्यंत गोष्ट आली होती. तेव्हा व्हेटला विचारून आणि बऱ्याचशा चुका करून आम्ही जे शिकलो, ते इथे लिहीत आहोत.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पिल्लू हे मुद्दाम करत नाही. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा फार तर दोन-तीन तास शू धरू शकतं, तेही झोपलेलं किंवा शांत असेल तर. ढोबळ हिशेब असा की जितके महिने वय, त्यात एक मिळवा, तितके तास. खेळताना मात्र हा हिशेब कोलमडतो, वीस मिनिटांतही काम होतं. म्हणजे घरात शू झाली तर बहुतेक वेळा आपलंच घड्याळ चुकलेलं असतं.

ऐन वेळी सापडलं तर

ओरडू नका. टाळी वाजवून किंवा "चल, बाहेर!" म्हणून लक्ष वेधा, उचला आणि थेट नेहमीच्या जागी न्या. उरलेली शू तिथे केली की त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ द्या. घरात परत येऊन खाऊ दिला तर पिल्लाला वाटतं, आत आल्याबद्दल मिळाला.

आणि एक शब्द ठरवा. आमच्याकडे आजी "शू कर" म्हणायच्या, मुलं "गो पॉटी" म्हणायची आणि बाबा नुसतीच शीळ घालायचे. पिल्लू तिघांकडे बघत उभं! शेवटी "शू कर" वर एकमत झालं.

नंतर लक्षात आलं तर

मग पिल्लाला काहीही बोलू नका. आपल्याकडे नाक घासायची किंवा वर्तमानपत्राची गुंडाळी दाखवायची जुनी पद्धत आहे, ती कृपया विसरा. दहा मिनिटांपूर्वीची शू आणि आत्ताचा ओरडा यांचा संबंध त्याला लागत नाही. "पण बघा ना, चेहरा किती अपराधी करतो!" असं सगळेच म्हणतात. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने 2009 मध्ये हेच तपासून पाहिलं. कुत्र्याने आगळीक केलेली असो वा नसो, मालक रागावला की तो चेहरा होतो, असं तिला आढळलं. ओरडा खाल्लेलं पिल्लू शिकतं ते इतकंच की माणसांसमोर शू करणं धोक्याचं. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं आणि बाहेर नेलं तरी तुमच्यासमोर करत नाही. आमचे दोन आठवडे यातच गेले.

साफसफाई

खरी मेख इथे आहे. आपल्या नाकाला वास गेला असं वाटतं, पिल्लाच्या नाकाला नाही, आणि वास राहिला की ते पुन्हा तिथेच जातं.

कार्पेट असेल तर घासू नका, घासल्याने शू खाली पॅडिंगमध्ये उतरते. पेपर टॉवेलची जाड घडी ठेवून तिच्यावर चक्क उभे राहा. घडी कोरडी निघेपर्यंत बदलत राहा. मग गार पाणी शिंपडून पुन्हा टिपा. त्यानंतर एन्झाइम क्लीनर वापरा. 'नेचर्स मिरॅकल' सारख्या बाटल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतात. तो शिंपडून लगेच पुसायचा नसतो, शू जितकी खोल गेली तितका तो खोल जायला हवा. बाटलीवर लिहिलेला वेळ ओलं राहू द्या आणि मग आपोआप वाळू द्या. तोवर वर उलटी कपड्यांची बास्केट ठेवली की पिल्लू दूर राहतं. आधी कोपऱ्यात थोडा लावून रंग जातो का बघा. भारतातून आणलेल्या सतरंज्यांचा तर हमखास जातो. लाकडी फरशीवर क्लीनर साचू देऊ नका.

फिनेलने पुसण्याचा मोह होतो, पण फिनेल वास झाकतं, काढत नाही. अमोनिया असलेले क्लीनर तर नकोतच, तो वास शूसारखाच असतो. ब्लीच शूवर ओतू नका, दोन्ही मिळून श्वासाला त्रास देणारा वायू होतो. वाफेचं मशीनही नको, उष्णतेने डाग पक्का बसतो. रात्री बाटली संपलेली असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून वेळ मारून नेता येते.

शी असेल तर आधी उचला, मग वरचंच सगळं. पिल्लांच्या पोटात जंत असू शकतात, म्हणून हे काम मुलांना देऊ नका आणि नंतर साबणाने हात धुवा. भाड्याचं घर असेल तर डिपॉझिटचा प्रश्न असतो. घर सोडण्याआधी अंधार करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च फिरवा, विसरलेले डाग चमकतात.

वेळा लिहून ठेवा

आम्हाला सर्वांत उपयोग झाला तो फ्रिजवर लावलेल्या कागदाचा. खाणं, झोप, शू, शी आणि चुका, सगळ्यांच्या वेळा लिहायच्या. पाच दिवसांत दिसलं की बहुतेक चुका चारच्या सुमाराला, मुलं शाळेतून आल्यावर होतात. मुलांनी दप्तर ठेवायच्या आधी पिल्लाला बाहेर न्यायचं ठरवलं आणि निम्मा त्रास संपला. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर आणि झोपण्यापूर्वी बाहेर न्यायचंच.

क्रेटला आमच्या आई "तुरुंग" म्हणायच्या. पण उभं राहून वळता येईल एवढाच क्रेट असला तर पिल्लू सहसा झोपायची जागा घाण करत नाही. फार मोठा घेतला तर एका कोपऱ्यात झोप आणि दुसऱ्यात शू! मात्र धरता येईल त्यापेक्षा जास्त वेळ कोंडू नका.

थंडीच्या राज्यांत राहणाऱ्यांनी बर्फ बाजूला करून गवताचा एक पट्टा मोकळा ठेवावा, नाहीतर लहान पिल्लू दारातूनच परत फिरतं. लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण सोळा आठवड्यांपर्यंत, अनोळखी कुत्री येतात अशा जागी नेऊ नका. पार्व्हो जीवघेणा असतो.

व्हेटकडे कधी?

वारंवार थोडी-थोडी शू, कुंथणं, रक्त दिसणं, खूप पाणी पिणं किंवा शिकलेलं पिल्लू अचानक चुकू लागणं, यापैकी काही दिसलं तर शिकवणं बाजूला ठेवून आधी व्हेटकडे जा. पाहुणे आले की आनंदाने दोन थेंब गळणं ही वेगळी गोष्ट आहे. पाहुण्यांनी आल्याआल्या लक्ष दिलं नाही की वयाबरोबर ते बहुधा कमी होतं.

आणि हो, तीन-चार आठवडे भारतात जाऊन आलात आणि पिल्लू बोर्डिंगमध्ये राहिलं असेल, तर परतल्यावर पुन्हा चुका होतील. आमच्याकडे झाल्या. फ्रिजवर नवा कागद लावला, दर दोन तासांनी बाहेर नेलं आणि दहा दिवसांत गाडी रुळावर आली. त्या दहा दिवसांत आईंचा फोन यायचा, तो आधी "शू कुठे केली?" असं विचारायला.