बाबांची वही

गेल्या डिसेंबरात लेकीला घेऊन उमरेडला गेलो होतो. बायकोला सुट्टी मिळाली नाही, म्हणून आम्ही दोघंच. लेक ओहायोत जन्मली, वाढली. तिला उमरेड माहीत आहे ते आजीमुळे आणि कऱ्हांडल्याच्या वाघांमुळे. २०१२ साली उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य झालं, मग नागझिऱ्याहून चालत आलेला 'जय' नावाचा वाघ प्रसिद्ध झाला आणि २०१६ मध्ये तो बेपत्ता झाल्यावर आमच्या गावाचं नाव इंग्रजी पेपरांतून छापून यायला लागलं. माझ्या लहानपणी नागपूरच्या लोकांनासुद्धा "उमरेड म्हणजे कोळशाची खाण का?" एवढंच ठाऊक असायचं! त्याही आधी गावाची ओळख होती ती कोष्ट्यांच्या मागांवर विणल्या जाणाऱ्या रेशीमकाठी धोतरांची. माझे आजोबा त्याच मागावर बसायचे. बाबा मात्र शिकले आणि शाळेत मास्तर झाले.

असो. विमानतळावरून गाडीनं तासाभरात घरी पोचलो. रस्ता इतका गुळगुळीत की लेक झोपूनच गेली. मी मात्र जागा होतो आणि मनात उलटा प्रवास चालू होता. ऑगस्ट १९८६. उमरेडहून छोट्या गाडीनं इतवारी. ही अडीच फुटी रुळांची गाडी १९०८ सालापासून नागपूर ते नागभीड धावत होती. वाटेत कुही, उमरेड, भिवापूर. पन्नासेक किलोमीटरला अडीच-तीन तास, आणि भिवापूरच्या मिरचीची पोती डब्यात असली तर तेवढा वेळ शिंकाही. इतवारीहून रिक्षानं मुख्य स्टेशन, तिथून हावडा मेलनं मुंबई. व्हिसासाठी ब्रीच कँडीच्या रांगेत आधी एकदा उभा राहून आलोच होतो. मग सहार, आणि मग दोन विमानं. डॉलर तेव्हा बारा-तेरा रुपयांना होता आणि बाबांचा पगार किती ते इथे सांगत नाही, ताई ओरडेल :)

ती छोटी गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली, रुंद रुळांसाठी. लेकीला दाखवायची फार इच्छा होती, राहून गेली.

तर मंडळी, मूळ गोष्ट पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "माळ्यावरची पेटी काढ एकदाची. तुह्या बापाची हाय, तूच उघड." पत्र्याची पेटी. वर हिरव्या रंगानं बाबांचं नाव. आत माझी सगळी पत्रं, वर्षवार सुतळीनं बांधलेली. आणि त्यांच्यावर एक शंभरपानी वही.

बाबांना टपालाचं वेड होतं. ते आम्हाला सांगायचे की १९४९ साली रात्रीची विमान टपालसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशी चारी दिशांनी विमानं निघायची आणि मध्यरात्री नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर भेटायची. थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं परत आपापल्या गावी. "सारा देश झोपलेला असताना त्याची पत्रं आपल्या अंगणात वाटली जात होती," हे त्यांचं आवडतं वाक्य. ती सेवा सत्तरच्या दशकात बंद पडली, पण बाबांच्या वर्गात ती पुढे कितीतरी वर्षं चालू होती.

दुसरं वेड पिनकोडचं. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. त्यामागचे गृहस्थ श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि शिवाय संस्कृतचे कवी. मराठी माणूस, म्हणून बाबांना त्यांचा दुप्पट अभिमान! ४ म्हणजे आपला पश्चिमेचा विभाग, ४४१ म्हणजे नागपूरच्या आसपासचा भाग, आणि ४४१२०३ म्हणजे आपण. मी अमेरिकेतून पहिलं पत्र पाठवलं तेव्हा त्यांचं उत्तर आलं, त्यात खुशालीच्या आधी विचारलं होतं की तुमच्याकडे हा आकडा पाचच अंकी कसा? मग मी शोधून कळवलं की अमेरिकेचा झिपकोड १९६३ चा, म्हणजे आपल्यापेक्षा नऊ वर्षांनी थोरला. ते त्यांना फारसं आवडलं नसावं. पुढच्या पत्रात त्याबद्दल अक्षर नव्हतं.

त्यांची पत्रं म्हणजे निळे एरोग्राम. आत काही घालू नये असं वरच छापलेलं असायचं. बाबा नियमाचे पक्के. पेपरातलं कात्रण पाठवावंसं वाटे, पण घालायचं नाही. म्हणून ते बातम्या हातानं उतरवून काढत! तांदळाएवढ्या अक्षरात तरुण भारतातल्या चार बातम्या, मग मिरचीचा भाव, मग कोणाच्या मुलीचं जमलं, आणि तिन्ही कडांना उरलेल्या जागेत आईचे निरोप. विदर्भात काय चाललंय ते मला बारा-तेरा दिवस उशिरा, पण बाबांच्या अक्षरात कळायचं. पुढे १९९६ साली मायबोली सुरू झाली, मराठी पेपर इंटरनेटवर आले, ते वाचण्यासाठी प्रत्येकाचा वेगळा फाँट उतरवून घ्यायचा खटाटोप केला. आता तर बातमी उमरेडला पोचायच्या आधी माझ्या फोनवर असते. पण कुठल्या चार बातम्या माझ्या कामाच्या, हे ठरवणारा माणूस गेला.

आता वही. पहिल्या पानावर शीर्षक, 'पत्रव्यवहार, अमेरिका'. खाली तीन रकाने. लिहिले. मिळाले. दिवस. दर शनिवारी एक ओळ, १९८६ च्या सप्टेंबरपासून. माझं पत्र आलं असेल तर दोन तारखा आणि मधल्या दिवसांचा हिशोब. १२, १३, ११, १४... एकदा ३१, आणि तिथे लाल शाईनं प्रश्नचिन्ह. त्या आठवड्यात पत्र आलं नसेल तर एक आडवी रेघ.

लेकीला देवनागरी अक्षरं अडखळत येतात, पण रविवारच्या मराठी शाळेच्या कृपेनं आकडे पक्के. तिनं वही हातात घेतली आणि मी चहा घेऊन येईपर्यंत मोजूनसुद्धा झालं होतं. शहाऐंशीचे चार महिने, १४ पत्रं. सत्त्याऐंशी, ३८. मग २६. मग १५. मग ९. एक्क्याण्णव साली ५.

"आणि हे डॅश काय आहेत?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, पत्र न आलेले आठवडे. त्या काळी टपालाला वेळ लागायचा.

ती पानं उलटत राहिली. मग म्हणाली, "बाबा, शेवटपर्यंत बारा-तेरा दिवसच आहेत. पोस्ट स्लो नव्हतं. तू स्लो होतास."

ती रागानं नाही म्हणाली. गणित सुटल्यावर म्हणतात तसं म्हणाली. मला मात्र चहा तसाच ठेवावा लागला.

माझ्याकडे सबब होती. नव्वदच्या सुमारास चौकात पिवळ्या पाटीचं एसटीडी-आयएसडी बूथ आलं. त्याआधी शेजारच्या दुकानाचा पीपी नंबर होता, ऑपरेटरमार्फत लागला तर लागला. बूथ झाल्यावर बाबा-आई ठरलेल्या रविवारी संध्याकाळी तिथे जाऊन बसत आणि मी फोन करत असे. मिनिटाला दोन डॉलरच्या वर पडायचे, त्यातलं पहिलं मिनिट "आवाज येतोय का?" मध्ये जायचं. तर फोन सुरू झाले म्हणून पत्रं कमी झाली, असं मी तीस वर्षं समजत आलो. पण बाबांनी फोनचीही नोंद ठेवलीय. रकान्याबाहेर बारीक 'फो.' १९९१ मध्ये असे सहा 'फो.' आहेत. पाच पत्रं आणि सहा फोन. उरलेल्या आठवड्यांना रेघा.

कोणाला दोष द्यायचा? नवी नोकरी होती, नवं लग्न होतं, ग्रीन कार्डची वाट पाहणं होतं. हे सगळं खरं आहे. आपण लांब गेलेले लोक अंतराबद्दल फार बोलतो. अमुक हजार मैल, इतके तास, इतके डॉलर. ते मैल तर १९८७ मध्येही तेवढेच होते, आणि तेव्हा मी ३८ पत्रं लिहिली होती. भारावून जाऊन "पत्रांचा तो काळच सुंदर" असंही मी म्हणणार नाही. आज माझी लेक आजीच्या स्वयंपाकघरात कुठला डबा कुठे आहे ते व्हिडिओ कॉलवरून सांगू शकते. बाबांना मात्र त्या साडेपाच वर्षांत माझं घर तीन फोटोंत दिसलं.

बाबा १६ जानेवारी १९९२ ला गेले. निरोप नागपूरच्या चुलतभावाच्या फोननं आला. मी पाचव्या दिवशी पोचलो, तेरवी करून परतलो, तर ओहायोच्या पत्रपेटीत निळा एरोग्राम पडलेला. तारीख १३ जानेवारी. संक्रांतीचं पत्र. एरोग्रामात काही घालता येत नाही, म्हणून तिळगूळ शब्दांतच घे, असं लिहिलं होतं. आणि खाली, सवडीनं उत्तर दे. माझ्याकडची सगळी पत्रं घर बदलताना इकडेतिकडे झाली, ते एक मात्र पासपोर्टबरोबर असतं.

वहीत शेवटची ओळ ११ जानेवारीची आहे. रेघच आहे.

निघायच्या दिवशी लेकीनं आजीला विचारलं, वही आम्ही नेऊ का? तिकडे तिचं स्कॅन वगैरे करून नीट जपू म्हणाली. आईनं वही तिच्या हातातून घेतली, पदरानं पुसली आणि पेटीत ठेवून दिली.

"राहू दे इथंच," ती म्हणाली. "तुमाले याले काही कारण पायजे का नाही?"