हत्तीण कुणाची? नांदणीच्या वादाआधीचा इतिहास

नांदणीच्या महादेवीबद्दल (माधुरी म्हणा, दोन्ही नावं चालतात) तुम्ही २०२५ च्या पावसाळ्यात भरपूर वाचलं असेल, कदाचित बाजूही घेतली असेल. बाजू सोडा असं मी सांगणार नाही. फक्त संशोधनाचा विषय म्हणून याकडे बघायचं असेल, तर आधी तारखा ओळीने लावा.

शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठात ही हत्तीण १९९२ पासून होती. १६ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामनगरच्या हत्ती कल्याण ट्रस्टकडे, म्हणजे ‘वनतारा’त पाठवायचा आदेश दिला. २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला आणि त्याच दिवशी गावाने तिला रडत निरोप दिला. ३ ऑगस्टला नांदणी ते कोल्हापूर मूक पदयात्रा निघाली.

पण थांबा, कोल्हापूरची ही पहिली हत्ती-केस नव्हे. जोतिबा देवस्थानाला २००७ मध्ये दान दिलेला ‘सुंदर’ आठवतो का? साखळदंडात ठेवल्याच्या तक्रारी झाल्या, प्राणीहक्क संघटना कोर्टात गेली आणि २०१४ मध्ये त्याची रवानगी बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात झाली. तेव्हा एवढी गर्दी रस्त्यावर आली नव्हती. का? सुंदर सात वर्षांचा पाहुणा होता, महादेवी तेहतीस वर्षं गावात होती, हे एक कारण. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं: सुंदर सरकारी उद्यानात गेला, महादेवी एका उद्योगसमूहाच्या संकुलात. लोकांनी राग काढला तो मोबाइलचं सिमकार्ड बदलून! हत्तीच्या भल्याचा प्रश्न आणि ‘आमचं कोण नेतंय’ हा प्रश्न इथे एकमेकांत गुंतलेत. प्रबंधात ते वेगळे करून मांडावे लागतील.

आता मागे जाऊ. कोल्हापुरात ‘साठमारी’ हे ठिकाणाचं नाव आजही आहे. राजर्षी शाहूंच्या काळात तिथे मस्तीतल्या हत्तीला माणसं चिडवायची आणि तो अंगावर आला की आडोशाला पळायची. त्याच संस्थानात हत्तीला खुराक, माहूत, वैद्य हेही होतं. काळजी आणि खेळ एकाच हत्तीखान्यात नांदत होते. त्याहून मागे कौटिल्याचं अर्थशास्त्र बघा. विसाव्या वर्षाचा हत्ती धरावा, पिल्लू, आजारी, गाभण किंवा पाजती हत्तीण धरू नये, असं ते सांगतं. हा नियम दयेचा की सैन्याच्या हिशोबाचा, यावर तुम्ही स्वतः वाद घाला. एक गोष्ट मात्र नक्की: हत्ती रानातून धरून आणायचा. गाय-बैलासारखी त्याची पाळीव जात माणसाने पैदास करून घडवलेली नाही. म्हणून ‘पाळीव हत्ती’ हा शब्द लिहिताना जरा अडखळायला शिका.

कायद्यातही ही ओढाताण दिसते. १९७२ चा वन्यजीव कायदा, त्यात १९७७ ला हत्ती पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वोच्च संरक्षण. आणि तरी मालकीचं प्रमाणपत्र शिल्लक. ७ मे २०१४ च्या जल्लीकट्टू निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्राण्याच्या सन्मानाने जगण्याची भाषा केली (आपल्या बैलगाडा शर्यतीही त्याच निकालाने थांबल्या होत्या). महादेवीच्या निकालात उच्च न्यायालयाने मठाच्या धार्मिक हक्कापेक्षा हत्तिणीचं चांगलं जगणं वरचढ मानलं. उलट २०२२ च्या दुरुस्तीने ‘धार्मिक किंवा अन्य कारणासाठी’ हत्ती हस्तांतरित करायची वाट मोकळी केली. दोन्ही गोष्टी एकाच दशकातल्या.

साधनं कशी वाचायची, याचं एक उदाहरण देतो. तपासणी अहवालांत पायांचे आजार, वाढलेली नखं, संधिवात आणि सतत मान हलवणं अशा नोंदी आहेत. मिरवणुकीत डोलणारी हत्तीण बघणाऱ्याला खुशीत वाटते. पशुवैद्य त्याच डोलण्याला बंदिवासाचा ताण म्हणतात. गावकऱ्याचं प्रेम खोटं ठरवायची गरज नाही, पण कठीण जमिनीवर उभे राहिलेले पाय प्रेमाने बरे होत नाहीत. तसंच जामनगरचं छायाचित्र म्हणजेही पुरावा नव्हे. तिथे साखळी किती तास असते, अंकुश वापरतात का, इतर हत्तिणींचा सहवास मिळतो का, पाहुण्यांसमोर उभं करतात का, हे विचारावंच लागेल.

या सगळ्या कागदांत माहूत मात्र जेमतेम दिसतो. हत्तीचा स्वभाव, खाणं, दुखणं ज्याला तोंडपाठ, त्याचा जबाब क्वचितच कुणी सविस्तर नोंदवतं. विषय शोधत असाल तर इथे जागा आहे, आणि मुलाखतींसाठी फार उशीर करू नका.

आंदोलनानंतर वनताराने नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्र उभारायची तयारी दाखवली. आणि याच जिल्ह्यात, चंदगड-आजऱ्याच्या बाजूला, २००० नंतर कर्नाटकातून रानटी हत्ती येऊ लागलेत. तिथला शेतकरी रात्री ऊस राखत बसतो. त्याला हत्तीबद्दल विचारून बघा, तुमच्या टिपणवहीत वेगळंच काहीतरी येईल.