टीव्हीवरचा नारंगी चष्मा: कमाल की कमाई?

ज्यांना इयरफोन लावायची सोय नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात.

'हा चष्मा घाला, सगळं एचडी दिसेल!' ही जाहिरात तुम्ही बघितलीच असेल. आधी केबलवर रात्री उशिरा लागायची, आता रीलमध्ये दिसते. असले चष्मे घ्यावेत का? उत्तरासाठी थोडं मागे, १९८० च्या दशकातल्या अमेरिकेत जावं लागेल.

१९८४ मध्ये तिथल्या सरकारी आयोगाने टीव्हीवरच्या जाहिरातींच्या वेळेची मर्यादा काढून टाकली. म्हणजे अर्धा तास विकत घ्या आणि त्यात हवं ते विका! त्यातून 'इन्फोमर्शियल' हा प्रकार फोफावला. जोसेफ शुगरमन हा गडी पोस्टाने कॅल्क्युलेटर विकून आधीच नावारूपाला आला होता. त्याने १९८६ मध्ये 'ब्लू-ब्लॉकर' नावाचा नारंगी काचांचा गॉगल बाजारात आणला. रस्त्यावरच्या लोकांना तो घालायला द्यायचा आणि त्यांचे चकित झालेले चेहरे दाखवायचे, अशी जाहिरात. कंपनीच्या दाव्यानुसार पुढे २ कोटींवर गॉगल खपले.

आता प्रश्न असा, की ते चेहरे खोटे होते का? तर नाही, आणि गंमत इथेच आहे. निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, म्हणून तर आकाश निळं दिसतं. नारंगी काच हा निळा भाग अडवते. त्यामुळे उन्हात दूरचं धुरकट दृश्य जरा ठसठशीत वाटतं. म्हणजे फरक खरोखर जाणवतो. पण काच नवीन काही दाखवत नाही, उलट थोडा प्रकाश वजा करते. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर हा फक्त फिल्टर आहे, अपग्रेड नव्हे. शिवाय रंगही बदलून दिसतात.

घोळ झाला तो विकण्याच्या पद्धतीत. या गॉगलची एक जाहिरात 'कन्झ्युमर चॅलेंज' नावाने यायची. सूत्रसंचालक, तपास, 'हे नवं संशोधन की ग्राहकांची फसवणूक?' असा सवाल, सगळा थाट ग्राहकांच्या बाजूने पडताळणी करणाऱ्या कार्यक्रमाचा. प्रत्यक्षात ती पैसे मोजून दाखवलेली जाहिरात! अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने यावर कारवाई केली आणि १९८९ मध्ये आदेश निघाला, की जाहिरातीला स्वतंत्र कार्यक्रम म्हणून भासवायचं नाही. आज कुणी 'ऑनेस्ट रिव्ह्यू' म्हणत लिंक देतो, तेव्हा हा किस्सा आठवा.

गॉगल दिवसा वापरला तर फार बिघडत नाही. खरा धोका 'नाइट ड्रायव्हिंग'च्या पिवळ्या चष्म्यात आहे. समोरच्या गाडीचे हेडलाइट डोळ्यांवर येणार नाहीत, असं सांगून तो विकतात. २०१९ मध्ये जामा ऑप्थॅल्मॉलॉजी या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. २२ जणांना सिम्युलेटरवर रात्रीची गाडी चालवायला दिली. पिवळ्या चष्म्याने रस्त्यावरचा पादचारी लवकर दिसला का? नाही! आणि ते साहजिकच आहे. रात्री मुळातच प्रकाश कमी, त्यात काच आणखी थोडा खाते. आपल्या घाटरस्त्यावर काळे कपडे घालून चालणारा माणूस डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हिशेब कळेल.

निळ्या प्रकाशाची भीती मात्र अजून खपते. आता ती 'ब्लू-कट' लेन्सच्या रूपाने ऑप्टिशियनच्या काउंटरवर आलीय. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात १७ चाचण्या तपासल्या गेल्या. स्क्रीनमुळे डोळ्यांवर येणारा ताण या लेन्सने, निदान अल्पकाळात तरी, कमी होत असल्याचं दिसलं नाही. दिवसभर कोड लिहिणाऱ्यांनो, त्यापेक्षा अधूनमधून स्क्रीनवरून नजर काढून लांब बघा आणि पापण्या मिटा. फुकट आहे!

मग घ्यायचं काय? उन्हासाठी गॉगल हवा तर रंग नाही, 'यूव्ही ४००' बघा. गडद काच आणि यूव्ही संरक्षण नाही, हे सगळ्यात वाईट. काळोखामुळे बाहुली मोठी होते आणि अतिनील किरणांना आत यायला वाट मिळते. रात्री नीट दिसत नसेल तर आधी नंबर तपासून घ्या, विंडस्क्रीन आतून-बाहेरून पुसा.

आणि नारंगी गॉगल स्टाइल म्हणून आवडला, तर बिनधास्त घ्या. फक्त पैसे स्टाइलचे मोजा, चमत्काराचे नको.

भेटू पुढच्या भागात. तोवर डोळे आणि कान दोन्ही उघडे ठेवा!